पंचाहत्तर मैलांच्या पलीकडे

टॅनर्स गॅपच्या चढावर गस हुडाकचा बार आजही आहे. स्टोकर्स ही अमेरिकन फुटबॉलची टीम ज्या वर्षी खरोखर जिंकली त्या वर्षीचा भलामोठा फोटो तिथं भिंतीवर टांगलेला आहे, पण त्याच्याकडं कुणी ढुंकूनही बघत नाही. दोन ग्लास पोटात गेले की म्हाताऱ्यांची गाडी घसरते ती चौऱ्याऐंशी सालावर. त्या साली स्टोकर्स सोळा सामने खेळले आणि सोळाच्या सोळा हरले. "काय वर्ष होतं!" असं म्हणत ही माणसं डोळे पुसतात. नवख्याला वाटतं, यांचं डोकं फिरलंय. गस काउंटर पुसत म्हणतो, "फिरलेलंच होतं. म्हणून तर मजा आली."

गस मूळचा पोर्ट हॅलमचा, तळ्याकाठच्या त्या पोलादाच्या शहरातला. बाप मिखाल हुडाक चाळीस वर्षं भट्टीसमोर उभा राहिला, आणि भट्टीवाल्यांच्याच नावानं शहराची 'स्टोकर्स' टीम निघाली तेव्हा पहिल्या वर्षापासून त्यानं हंगामाची तिकिटं काढून मैदानातल्या दोन खुर्च्या कायमच्या धरल्या. एकतिसावी रांग, तळ्याच्या बाजूला, जिथं वारा थेट हाडात शिरतो. दोनच खुर्च्या, आणि पोरं दोन. म्हणून एका रविवारी थोरला एमिल बापाबरोबर जायचा आणि पुढच्या वेळी धाकटा गस. ज्याची पाळी नसेल तो घरी रेडिओला कान लावून रुसून बसायचा. तिघं एकत्र मैदानात कधीच बसले नाहीत. गसला ते फार पुढं लक्षात आलं, आणि लक्षात आलं तेव्हा उपयोग नव्हता.

गसनं लग्न केलं नाही, बार केला. एमिल शहरातच राहिला, भट्टीवर लागला, बापाला त्यानं आणि त्याच्या बायकोनं, डोलोरेसनं, शेवटपर्यंत सांभाळलं. एक्क्याऐंशीच्या वसंतात म्हातारा गेला. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला गस एमिलकडं गेला, टर्कीचा दुसरा घास तोंडात होता आणि त्यानं सहज विचारलं, "मग ह्या रविवारी कोण जातंय? तू की मी?"

एमिल बटाट्यांकडं बघत म्हणाला, "खुर्च्या परत केल्या मी. उन्हाळ्यातच."

"परत केल्या म्हणजे?"

"म्हणजे परत केल्या. त्या थंडीत कुडकुडत मार खाताना कोण बघणार? टीव्हीवर दिसतं सगळं."

गसनं काटा खाली ठेवला, टोपी घातली आणि तो जो निघाला तो तीन वर्षं त्या घराकडं फिरकला नाही. टेलिफोनसुद्धा नाही. हुडाक लोकांचा राग असाच. आरडाओरडा नाही, भांडी फोडणं नाही. दार हलकेच लावायचं आणि मग आयुष्यभर ते उघडायचं नाही.

आता देव कुठं असेल तर त्याला विनोदाची चांगली जाण आहे. लीगचा तेव्हा एक नियम होता. घरच्या मैदानावरचा सामना असेल, आणि त्याची सगळी तिकिटं बहात्तर तास आधी, म्हणजे गुरुवारी दुपारी एकपर्यंत संपली नाहीत, तर शहरापासून पंचाहत्तर मैलांच्या आत तो टीव्हीवर दाखवायचा नाही. चौऱ्याऐंशीत स्टोकर्स अशी काही दाणादाण करून घेऊ लागले की तिकिटं कोण घेतो! रविवार आला की शहरातले टीव्ही गप्प. आणि गसचा बार होता शहरापासून बरोबर अठ्ठ्याहत्तर मैलांवर, डोंगराच्या माथ्यावर. गसनं छपरावर चाळीस फुटी अँटेना उभारला आणि रस्त्यावर पाटी लावली: 'स्टोकर्स इथं दिसतात. बघवेल का, ते तुमचं तुम्ही ठरवा.'

सप्टेंबरातल्या पहिल्याच रविवारी चढावर गाड्यांची रांग लागली. भट्टीवाले, ट्रकवाले, एक दातांचा डॉक्टर, एक पाद्री प्रार्थना आटोपून थेट. आणि पाऊण वाजता दारात टोपी हातात घेऊन एमिल उभा.

गस ग्लास पुसत होता. तो पुसतच राहिला. "काय देऊ?" असं त्यानं विचारलं, परक्याला विचारावं तसं.

"बिअर. आणि स्टोकर्स."

"बिअर चांगली आहे. स्टोकर्सचं काही सांगता येत नाही."

कोपऱ्यात वॉल्ट बसलेला. तीस वर्षं दुधाची गाडी चालवून निवृत्त झालेला हा माणूस गसच्या बारमधलं निम्मं फर्निचरच होता. त्यानं विचारलं, "गस, हा कोण रे?"

"शहरातला एक माणूस," गस मोठ्यानं म्हणाला. "मैदानात दोन खुर्च्या होत्या ह्याच्या. परत केल्या. आता टीव्ही बघायला अठ्ठ्याहत्तर मैल येतो."

सगळा बार हसला. एमिलही बिअरमध्ये तोंड घालून थोडासा हसला. स्टोकर्स एकतीस गुणांनी हरले. जाताना एमिल म्हणाला, "पुढचा घरचा सामना दोन आठवड्यांनी आहे." गस म्हणाला, "कॅलेंडर आहे माझ्याकडं."

दोन आठवड्यांनी एमिल आला तो पत्र्याचा डबा घेऊन. आत डोलोरेसनं केलेले बटाट्याचे पिरोही, म्हणजे उकडलेल्या करंज्याच, वर तुपात परतलेला कांदा. "तिनं जास्त केले," एमिल म्हणाला. "फेकायचे होते."

"फेकायचेच असतील तर इथं ठेव," गस म्हणाला, आणि दुसऱ्या डावापर्यंत डबा चाटूनपुसून मोकळा केला.

तिसऱ्या वेळी गर्दी इतकी झाली की एमिल न विचारता काउंटरच्या मागं शिरला आणि ग्लास भरू लागला. गस थोडा बाजूला सरकला. फक्त म्हणाला, "फेस कमी काढ. साबण नाही विकत आपण." 'आपण' हा शब्द निसटला तेव्हा दोघांनीही टीव्हीकडं बघितलं. टीव्हीवर स्टोकर्सच्या हातून चेंडूही निसटला होता.

असा तो हंगाम गेला. माणसं येताना रडत, जाताना हसत. पाद्र्यानं खेळाडूंना जे जे म्हटलं ते इथं लिहिता येत नाही. कुणी मध्येच म्हणायचं, "आज जिंकतील असं वाटतंय," की सगळे त्याच्याकडं आजाऱ्याकडं बघावं तसं बघायचे. भावाभावांचं बोलणं तेवढं त्या बारपुरतंच, आणि तेही टीमबद्दल. खुर्च्यांचं नाव नाही, बापाचं नाव नाही, आणि रविवार सोडून एरवी टेलिफोन नाही. पण घरचा रविवार आला की गस सकाळी दाढी करून, पाऊण वाजल्यापासून दाराकडं बघत असायचा.

त्याची अडचण अशी की रविवारी तो मनापासून म्हणायचा, देवा, एकदा तरी जिंकू दे. आणि गुरुवारी तितक्याच मनापासून म्हणायचा, देवा, तिकिटं मात्र विकली जाऊ देऊ नकोस. कारण ती विकली गेली तर शहरात टीव्ही दिसणार. आणि शहरात टीव्ही दिसला तर एमिलनं अठ्ठ्याहत्तर मैल कशासाठी यायचं?

डिसेंबरात घरचा शेवटचा सामना उरला. पंधरा झाले होते, पंधरा हरले होते. गुरुवारी दुपारी एकला बारमधल्या रेडिओनं सांगितलं, टायरच्या एका व्यापाऱ्यानं नाताळची भेट म्हणून उरलेली सगळी तिकिटं उचलली आणि शाळांना वाटून टाकली. सामना शहरात दिसणार.

वॉल्ट म्हणाला, "चला, गरीब पोरांची तेवढीच शिक्षा."

गस हसला नाही. तो सूप ढवळत राहिला, करपेपर्यंत.

शुक्रवारी त्यानं दोनदा टेलिफोन उचलला आणि दोनदा ठेवला. बोलणार काय? 'सामना घरी दिसत असला तरी ये' असं म्हणायचं म्हणजे इतके दिवस सामन्यासाठी नव्हतंच असं कबूल करणं आलं. हुडाकांच्या सात पिढ्यांत असलं कुणी कबूल केलं नव्हतं. शनिवारी त्याचा निर्णय झाला. रविवारी सकाळी दहाला त्यानं वॉल्टच्या हातात किल्ली ठेवली.

"आज तू सांभाळ. गिऱ्हाईक फारसं नसणारच."

"तू कुठं चाललास?"

"शहरात. डबा परत करायचाय," गस म्हणाला, आणि डोलोरेसचा डबा काखेत मारून निघाला.

रस्ता बर्फानं आणि मिठानं पांढरा झालेला. सगळ्या गाड्याही पांढऱ्याच, कुठली कुणाची ओळखू येऊ नये अशा. अर्ध्या वाटेवर, पुलाच्या अलीकडं, समोरून एक गाडी आली. डोंगरातल्या रीतीप्रमाणं गसनं स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली. समोरच्यानंही उचलली. दोघं आपापल्या वाटेनं गेले.

डोलोरेसनं दार उघडलं आणि ती बघतच राहिली. "गस? आणि एमिल कुठाय?"

"कुठाय म्हणजे? घरात नाही?"

"तुझ्याकडं गेलाय! दहालाच!"

"आज टीव्ही इथं दिसत असताना?"

"मीही तेच म्हटलं. म्हणतो कसा, इथल्या टीव्हीला गसच्या टीव्हीसारखा रंग नाही." डोलोरेस दाराला टेकून हसू लागली. "काय एकेक नग जन्माला घातलाय तुमच्या आईनं! आत ये, थंडी आत येतेय. तीन वर्षं झाली, डबा द्यायला बरा वेळ मिळाला."

तेवढ्यात टेलिफोन वाजला. डोलोरेसनं उचलला, ऐकलं आणि गसच्या हातात दिला.

"तो इथं नाही गं!" पलीकडून एमिल ओरडत होता. "वॉल्ट म्हणतो शहरात गेला. काही बरंवाईट तर नाही ना?"

"माझ्या काउंटरमागून बाहेर निघ," गस म्हणाला.

पलीकडं बारचा गलका चालू होता. मग एमिल म्हणाला, "पुलाजवळ दोन बोटं उचलली ती तूच होतास?"

"आणि तू बावळटासारखी परत उचललीस."

एक वाजला होता. एमिलच्या टेलिफोनची वायर लांब होती, टीव्हीपर्यंत पोचत होती. बारचा टेलिफोन तर काउंटरवरच. कुणीच ठेवला नाही. सबंध सामना दोघांनी असा बघितला, एकानं दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्यानं पहिल्याच्या बारमध्ये. शहरात सामना दिसत असूनही बारमध्ये नेहमीची सगळी मंडळी हजर होती. पाद्रीसुद्धा.

शेवटचे चार सेकंद उरले. स्टोकर्स दोनच गुणांनी मागं. दोन खांबांमधून चेंडू लाथाडायचा, की तीन गुण आणि जिंकले. अठ्ठ्याहत्तर मैलांत कुणी श्वास घेतला नाही. चेंडू उडाला, उजव्या खांबावर ठाण्णकन आदळला आणि पाळीव कुत्र्यासारखा परत आला.

बारमध्ये असा काही हशा फुटला की गसला रिसीव्हर कानापासून दूर धरावा लागला. हशा ओसरल्यावर एमिलचा आवाज आला, खालचा, एरवी काउंटरवर समोरासमोर कधी निघाला नसता असा.

"गस. त्या खुर्च्या."

"हं."

"पप्पा गेल्यावर, ऑगस्टात, सरावाचा सामना होता. मी गेलो होतो. एकटाच. शेजारची खुर्ची रिकामी. पहिल्या डावातच उठून आलो. नाही बसवलं मला. थंडीबिंडी काही नव्हती रे."

गसनं टीव्हीकडं बघितलं. पडद्यावर तळ्याकडची बाजू दिसत होती. टायरवाल्याच्या तिकिटांवर आलेली पोरं रांगारांगांतून उड्या मारत होती, हरल्याचं कुणाला काही नव्हतं.

"मला बोलवायचंस की," गस म्हणाला. "मी बसलो असतो त्या खुर्चीत."

"पप्पांच्या की माझ्या?"

"ते तिथं गेल्यावर भांडलो असतो."

एमिल हसला, नाक ओढल्यासारखं. "थांब तिथंच. निघतो मी."

"नको, तू थांब. मीच येतो. बार माझाय."

"अरे पण..."

डोलोरेसनं गसच्या हातातून रिसीव्हर हिसकावला. "एमिल, ऐक. तू जागचा हलू नकोस. हा पण हलणार नाही. आधी मी सूप गरम करते, हा जेवेल, मग मी ह्याला गाडीत घालून स्वतः तिकडं आणते. पुन्हा दोघं एकदम निघालात तर जन्मभर त्या पुलावर एकमेकांना बोटं दाखवत बसाल!"