उजवा पाय

ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी फादरांनी विचारलं, गावातल्या एका म्हाताऱ्याच्या पायाची जखम रोज धुवायला कोण जाईल? इगर्जीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, सगळे खाली बघू लागले. मी हात वर केला. सगळे खाली बघत होते म्हणूनच केला, हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं. कोकण रेल्वे तेव्हा नवी होती. मी पस्तिशीचा, चर्चच्या कमिटीत नुकताच आलेला, आणि लोकांनी आपल्याला चांगला माणूस म्हणावं याची भूक असलेला.

म्हातारा पूर्वी इगर्जीची घंटा वाजवायचा. बायको गेली होती, मूलबाळ नव्हतं. साखरेच्या आजारात कुडाळच्या डॉक्टरांनी त्याच्या उजव्या पायाची दोन बोटं काढली होती आणि ती जागा भरून येत नव्हती.

पहिल्या संध्याकाळी मी पट्टी सोडली. सुकत घातलेल्या मासळीच्या वासात मी वाढलो, पण हा वास वेगळा होता, गोडसर. पट्टीला चिकटून पिवळट साल निघून आली. मी परसात जाऊन माडाच्या मुळाशी ओकलो, तोंड धुतलं आणि हसरा चेहरा करून परत आलो.

सेवेने आनंद मिळतो असं लहानपणापासून ऐकलं होतं. मी त्याची वाट बघत राहिलो. मिळाली ती किळस. त्याच्या पायाची, हातांच्या वाढलेल्या नखांची, त्याच हातांनी तो माझ्यासाठी ओतायचा त्या कोऱ्या चहाचीसुद्धा. तो आत वळला की मी चहा खिडकीतून बाहेर ओतायचो आणि रिकामा कप त्याच्या हातात द्यायचो. वर आभार मानायचो.

एकदा पट्टी बांधताना तो म्हणाला, "श्वास घे रे झिला. मी अजून मेलंय नाय."

प्रायश्चित्तकाळाच्या शेवटी, पवित्र गुरुवारी, आमच्याकडे फादर बारा पुरुषांचे पाय धुतात, येशूने शिष्यांचे धुतले तसे. ते बाराजण घरून पाय दगडाने घासून, साबण लावून येतात. एकजण पावडरही लावायचा. म्हातारा दर वर्षी या बारांत बसे, आणि हा आपला शेवटचा गुरुवार असं तो धरून चालला होता. त्याला तिथे बसायचं होतं, बस्स. कमिटीत कुणीतरी म्हणालं, वासाने पुढच्या बाकांवरच्या लोकांना त्रास होईल, त्याला समजाव. मी विरोध केला नाही. उलट मधला मार्ग काढला आणि त्याला जाऊन सांगितलं की रीत उजव्या पायाची असली तरी तुम्ही या वेळी डावा पुढे करा.

"बरो पाय मी सोताच धुतंय," तो म्हणाला. "त्याका फादर कशाक होयो?"

मी हे फादरांना सांगितलं. ते म्हणाले, येऊ दे त्यांना.

गुरुवारी मी जखम नीट धुतली, नवी पट्टी बांधली आणि त्याला रिक्षाने नेलं. फादरांच्या मागे टॉवेल घेऊन मीच उभा होतो. घासलेल्या पायांवरून घंगाळात पडणारं पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहिलं. प्रत्येक पाय पुसून फादर त्याचं चुंबन घेत होते. म्हाताऱ्याने उजवा पाय पुढे केला. फादरांचा हात थांबला. मग त्यांनी वरच्या वर पट्टीवर धार सोडली, मान खाली केली, पण ओठ टेकवले नाहीत. त्यांनी श्वास धरला होता. मी तो लगेच ओळखला, आणि मला बरं वाटलं. सगळ्या प्रायश्चित्तकाळात मला मिळालेला आनंद तेवढाच. त्याची मला अजून शिसारी येते.

मिस्साचा विधी संपल्यावर लोक आराधनेला थांबले. म्हाताऱ्याची पट्टी भिजून चिंब झाली होती, ती तशी ठेवणं बरं नव्हतं. मी त्याला घरी आणलं. ओल्या पट्टीचा वास नेहमीपेक्षा वाईट होता. मी श्वास धरला नाही, तो वास सगळा आत घेतच नवी पट्टी बांधली. म्हातारा दमला होता, पण खूश होता. बारांत कोण कुठे बसलं होतं ते पुन्हा पुन्हा सांगत होता.

मग त्याने चहा ओतला आणि कप माझ्यापुढे धरला.

"आज खिडकेतसून ओतू नको," तो म्हणाला. "थंय माजी मिरची आसा, ती मरता."

मी त्याच्यासमोर बसून तो चहा प्यायलो. किळस गेली नव्हती.