अक्कांचं पाणी अडलं तेव्हा

देवाधर्माचा वाद कुणी माझ्यापुढे काढला, की मी अजूनही उठून बाहेर जातो. लोकांना वाटतं, चौथीत शाळा सुटलेला माणूस, याला काय कळतंय. तसंही असेल. पण बीदरजवळच्या नौबादला अक्कांच्या ओसरीवर तो वाद मी पोटभर ऐकलाय. दोन्ही बाजू मला पटल्या होत्या आणि पटून काडीचाही उपयोग झाला नव्हता. कंटाळा आहे तो त्याचा.

बाप गेल्यावर शाळा सोडून मी ठाणाकुशनूरहून बीदरकडं आलो. आज कुणी म्हणेल, हे काय लांब? तेव्हा बैलगाडीनं वाटेत मुक्काम पडायचा, अन् सणालासुद्धा घर दिसायचं नाही. अक्कांचं तूर-ज्वारीचं दुकान होतं. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. त्यांनी मला माप करायला ठेवून घेतलं. पहिल्याच वर्षी हिवतापानं मला आडवं केलं, तेव्हा या बाईनं माझं डोकं मांडीवर घेऊन आंबील पाजली होती. माझी जात वेगळी, नातं काही नाही. त्यांना साधी शिंक आली तरी मी हातातलं माप टाकून आत धावायचो. यांना काही झालं तर आपण कुठं जायचं?

घर लिंगायताचं. अक्कांच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असायचं. रोज ते तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय त्या पाण्याचा थेंब घेत नसत. वैशाखातल्या एका सकाळी घागर ओढायला त्या विहिरीवर वाकल्या, गळ्यातला दोरा तुटला आणि डबीसकट लिंग पाण्यात गेलं. पूजा व्हायची होती. आम्ही गळ टाकला, बुड्या मारल्या. खाली चिखलच चिखल. अक्का ओसरीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "स्वामींना सांगावा धाडा."

स्वामी म्हणजे त्यांना कानात मंत्र देणारे गुरू, जंगम. नवं लिंग बांधायचं तर त्यांनीच. ते लांबच्या एका खेड्यात लग्न लावायला गेलेले. गाडी पाठवली. तोवर अन्न नाही, पाणी नाही.

अक्कांचा भाचा तेव्हा सुटीला आलेला. हैदराबादेत कॉलेजात सायन्स शिकायचा. तो दुसऱ्या दिवशी सकाळीच पुढ्यात मांडी घालून बसला.

"आत्या, रक्तातलं पाणी कमी झालं की माणूस मरतंय."

"व्हय रे बाबा, मरतंय."

"मग कामून पीत न्हाईस?"

"लिंग न्हाई गळ्यात."

"लिंग दगडाचं. दगडाला तुझी तहान कळती का?"

"त्याला कशाला कळावी? तहान माझी हाय."

"देव सगळीकडं हाय म्हणतीस न्हवं? मग विहिरीच्या पाण्यात पण हाय. शिवाय लिंगही त्यातच पडलंय. तेच पाणी पी."

अक्का हसल्या. ओठ चिरलेले, हसताना रक्त आलं. "तू वकील हो, पोरा. साइन्स कामून शिकायलास?"

त्यांनी एखादा मुद्दा खोडला असता तर भाच्याला बळ आलं असतं. पण त्या सगळं मान्य करायच्या आणि तांब्याला हात लावायच्या नाहीत. मीही बोलून पाहिलं. "अक्का, मी तापात व्हतो तवा तुमी मला उपाशी ठिवलं न्हाई."

"तू कुठं लिंग बांधलास?" झालं माझं बोलणं.

भाचा उठला, बाजारात जाऊन काळंभोर, गुळगुळीत लिंग घेऊन आला. अक्कांनी ते हातात फिरवून पाहिलं. "चांगलं हाय. ठिव कोनाड्यात."

"गळ्यात घाल की."

"अजून दगूड हाय ते."

"सकाळपासनं मी तेच सांगायलोय."

ऊन चढलं तसा अक्कांचा आवाज बसला. त्या चटईवर आडव्या झाल्या. भाच्यानं मला विहिरीकडं ओढलं आणि ते लिंग माझ्या मुठीत कोंबलं. "उतर खाली. वर आलास की सापडलं म्हण. डबी चिखलात ऱ्हायली म्हण. तुझ्यावर इस्वास हाय तिचा."

"वळखतील."

"तिला उठायचं बळ न्हाई, वळखती कुठली? दगूड दगडासारखंच दिसतंय."

त्याचं सगळं खरं होतं. मी उतरलो. छातीभर पाण्यात उभा राहून पायानं चिखल पुन्हा चाचपला, मुठीत ते लिंग धरलेलंच. वर आलो. अक्कांनी डोळे उघडले.

"सापडलं?"

"न्हाई."

भाच्यानं माझा दंड धरला. आतल्या खोलीत नेऊन दात खात म्हणाला, "मारायलास तू तिला. तुला जगवलं ती बाई हाय." मला त्या दगडाची भीती नव्हती. माझा त्याच्यावर विश्वास असता तर एक वेळ बरं होतं, सांगायला कारण तरी असतं. मी ते लिंग पुसून कोनाड्यात ठेवलं.

उन्हं कलताना गाडी आली. गाडीवानानं नुसतं 'अक्का लई बिमार हाय' एवढंच सांगितलेलं, त्यामुळं स्वामी रिकाम्या हातानं धावत आलेले. घडलेलं ऐकून त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि कोनाड्याकडं बोट केलं. "हे कुणी आणलं?"

"मी," भाचा म्हणाला.

"बरं केलंस."

त्यांनी ते धुतलं, भस्म लावलं, पूजा केली, अक्कांच्या कानाशी वाकून मंत्र म्हटला आणि लिंग नव्या दोऱ्यात बांधलं. मग अक्कांनी पाणी घेतलं. घोट घोट, बराच वेळ. मी उंबऱ्यावरच बसलो.

अक्का सावरल्या न सावरल्या तोच भाचा म्हणाला, "बघ आत्या. तेच दगूड. सकाळी चाललं न्हाई, आता चाललं. त्यात काय फरक पडलाय? काहीच न्हाई."

"तेच की," अक्का म्हणाल्या. "तेच दगूड. सकाळी कसं व्हतं अन् आता बघ."

आणि दोघंही, पंचाकडं बघावं तसे, माझ्याकडं बघू लागले. मला इतका राग आला, की दोघांच्याही पुढ्यात तो तांब्या आपटावा. जीव जाता जाता राहिला होता आणि यांचं अजून संपलं नव्हतं. मी उठून दुकानाकडं निघालो.

मागून अक्कांचा घोगरा आवाज आला, "अरे, काल धरनं तू काय खाल्लास का न्हाई?"

"खाल्लो की," मी म्हणालो.

हे खोटं मात्र सहज बोलता आलं.