वच्छलाबाईची फरशी

नामांतराच्या दंगलीत चिकलठाण्यात दगडफेक सुरू झाली, तेव्हा घोंगड्या विकायला निघालेली बानाबाई धनगरीण जीव मुठीत धरून वच्छलाबाईच्या दारात पळत आली. वच्छलाबाईनं घोंगड्या तेवढ्या आत घेतल्या आन् हिला ओट्यावरच ठेवलं.

"नवी काळी कडप्पा घातलीय बाई. मेंढरांचा वास लागंल फरशीला."

दार आतून बंद झालं. बानाबाईचं कपाळ फुटलं, त्याची खूण अजून आहे.

पुढं कारखाने वाढले, लेक मल्हारी कामाला लागला आन् मातीच्या घराचं काम निघालं.

"आई, घरात काळी कडप्पा घालू," मल्हारी म्हणाला.

"घरात साधी शहाबादी घाल. कडप्पा मेंढवाड्यात."

गवंडी हसला. "मेंढरं घसरतील की, मावशी!"

"मग पॉलिश करू नको. पण रंग तोच पायजे."

आळीतल्या बाया म्हणाल्या, म्हातारीला येड लागलं. तिनं म्हणू दिलं.

घरभरणीचं आवतण वच्छलाबाईला ती स्वतः देऊन आली. जेवणं झाल्यावर हाताला धरून तिला थेट मेंढवाड्यात नेलं. काळ्याभोर फरशीवर मेंढरं रवंथ करत बसली होती. वच्छलाबाईचा पदर नाकाला गेला. बानाबाईनं हात सोडला नाही. सुनेला सांगून तिनं एका कोपऱ्यावर बादलीभर पाणी ओतायला लावलं, खराटा मारायला लावला.

"आता वाका वैनी. हुंगून सांगा, ऱ्हायला का वास?"