आईची उभ्यानं खायची पाणीपुरी

मी तालुक्याच्या कचेरीत बाबू आहे, आणि लोकांला न्हाई म्हणण्यात माझा हात धरणारा सगळ्या तालुक्यात न्हाई. 'पुढच्या महिन्यात बघू' आणि 'सोबत दोन झेरॉक्स लावा' ही दोन वाक्यं मी झोपेतबी बराबर म्हणतो, असं बायको सांगती. (झोपेत आणखी काय म्हणतो ते ती सांगत न्हाई, मीबी विचारत न्हाई.) असा मी, आणि मला सख्ख्या मावशीला एकदा न्हाई म्हणायचं होतं. एकदाच.

त्याचं असं झालं. आई लग्नाआधी दोन वर्षं औरंगाबादला डी.एड.ला होती. (आता ते संभाजीनगर, पण आईच्या आठवणी जुन्या पत्त्यावरच राहतात.) दर शनिवारी हॉस्टेलच्या रेक्टरबाई पोरींला दोन-दोनच्या रांगेत गुलमंडीवर मारुतीला न्यायच्या. वाटेत कोपऱ्यावर पाणीपुरीचा गाडा. पुदिन्याच्या पाण्याचा वास आला की बाई म्हणायच्या, "माना खाली." दोन वर्षं आईनं तो गाडा फक्त नाकानं खाल्ला. मंग लग्न होऊन वाटूरला आली, आणि पुढं जेव्हा जेव्हा त्या शहरात गेली तेव्हा धाकट्या बहिणीकडं, म्हणजे आमच्या मावशीकडं. मावशीच्या घरून भुकेला माणूस बाहेर पडला, असं अजून घडलेलं न्हाई.

यंदा आईची साठी झाली. साडी घेऊ का म्हणलं, तर म्हणाली, "साडी नको. त्या गाड्यापुढं उभं राहून एकदा खायचंय. बसून न्हाई, उभं राहून." एवढं बोलून लाजली आणि मेथी निवडायला लागली. 

मी कागद घेतला, रकाने पाडले. शनिवारी पाणचक्की, मकबरा, पाच वाजता गुलमंडी, पाणीपुरी. रविवारी जुने दरवाजे, इमरती, पुन्हा पाणीपुरी. मुक्काम आम्हा तिघांचा, आई, बायको आणि मी, लॉजवर. आता गावात सख्खी बहीण असताना लॉजवर उतरायचं म्हणजे आमच्यात बहिणीचं नाक कापल्यासारखं. म्हणून मावशीला बिलकुल कळू द्यायचं न्हाई, हा सगळ्या प्लॅनचा पाया. आई आठ दिवस आधीच चपला पुसून बसली होती.

गुलमंडीत गाडी कुठं लावायची, तेवढं मात्र कळत नव्हतं. विचारायचं कुणाला? त्या शहरात माझ्या ओळखीचं माणूस एकच. मी मावशीला फोन केला. (हसू नका. तेव्हा मला ती हुशारी वाटल्ती.) एका मित्राला पाहिजे म्हणून सांगितलं. मित्र कधी येणार, सोबत कोण, असं मावशीनं गोडीत विचारलं आणि मी गोडीत सांगत गेलो. मित्राची आई वाटूरची निघाली तेव्हा मावशीनं गाडी कोणत्या रस्त्यानं, किती वाजता येणार तेबी विचारून घेतलं.

शनिवारी सकाळी शहरात शिरतानाच, चिकलठाण्याच्या चौकात, मावशी उभी. मी काच खाली केली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिनं पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, "मी काय मेले होते का रे?" झालं. लॉज तिथंच संपला.

घरी धिरडी. दुपारी पुरणपोळी आणि येसराची आमटी. संध्याकाळी शेजारीण आईला भेटायला आली, ती भजी घेऊनच. जरा फिरून येतो म्हणलं की मावशी म्हणायची, जा की, पण जेवल्याबिगर न्हाई. आणि जेवल्यावर उठताच यायचं न्हाई! मकबरा आम्ही गच्चीवरून पाह्यला. मावशीनं हातातल्या उलथन्यानं दाखवला. "त्यो बघा घुमट. पाह्यला? चला, पोळ्या गार होऊन राह्यल्यात."

शेवटी बायकोच्या तोंडून पाणीपुरीचं निघून गेलं. एवढंच ना, म्हणून मावशीनं रविवारी सकाळी घरीच घाट घातला. फिल्टरचं पाणी, स्टीलच्या वाट्या, टेबल-खुर्ची. आईनं चार खाल्ल्या. छान झाल्यात म्हणाली, पण पाहुण्याच्या आवाजात. मावशी आत गेल्यावर मी हळूच विचारलं, ह्याच का गं?

"पुऱ्या ह्याच रे," आई म्हणाली. "पण मी बसले होते ना."

मी पेटलो. निघताना गाडी गुलमंडीवरूनच घेणार, असं जाहीर करून टाकलं. मावशी म्हणाली, चला, मी चौकापर्यंत सोडायला येते, आणि पुढच्या सीटवर येऊन बसली.

कोपरा आला. गाडा होता. तोच की दुसरा, देव जाणे, पण वास तोच असावा, कारण आई एकदम सरळ बसली. बायका हातात द्रोण धरून उभ्या होत्या, नाकातोंडातून पाणी येईस्तोवर हसत होत्या. आरशात मला आईचा हात दाराच्या कडीवर दिसला. मी गाडी हळू केली. म्हणलं, "मावशी, पाच मिनिटं..."

"धुळीतलं?" मावशी म्हणाली. "तिला काही बाधलं, तर लोक म्हणतील बहिणीच्या घरून आजारी होऊन गेली."

अठरा वर्षांची माझी नोकरी. म्हातारेकोतारे, सरपंच, पुढारी, कुणाकुणाला न्हाई म्हणलोय. मी तोंड उघडलं आणि आतून निघालं, "बरं." गाडी पुढं गेली. आरशात आईनं मान खाली घातली होती.

मावशीला चिकलठाण्यात रिक्षात बसवलं. जालना मागं पडलं. वाटूर फाटा दिसला तेव्हा आई म्हणाली, "हापिसात एवढ्या लोकांला न्हाई म्हणतो तू. मावशीला एकदा न्हाई म्हणायला काय झालं?"

मी म्हणलं, "पुढच्या महिन्यात बघू, आई."

आईनं खिडकीची काच वर केली. मंग म्हणाली, "अर्ज आणून देऊ का, साहेब?"

देवाशपथ सांगतो, मला रडू यायला लागलं होतं. पण सवय वाईट. तोंडातून निघून गेलं, "आणा. सोबत दोन झेरॉक्स लावा."