हक्क राखून

अख्ख्या मलकापुरात, माझ्या मते अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात, सही मागितली की अंगावर काटा येणारा एकच माणूस झाला, आणि तो नेमका वकील होता. नात्यानं माझ्या बायकोचे मामा. लोकांचे कागद वाचून ज्यांचं घर चाललं, त्यांना स्वतःपुढे आलेला कुठलाही छापील कागद म्हणजे दरोडा वाटे. एसटीच्या तिकिटाची मागची बाजू वाचणारा दुसरा प्रवासी मी पाहिलेला नाही. सही टळतच नसेल, तर आधी बारीक अक्षरात ‘हक्क राखून’ असं लिहीत आणि मगच खाली नाव घालीत. कुरिअरवाल्याला तेच, पोस्टमनला तेच. मुलगी गणितात नापास झाली तेव्हा प्रगतिपुस्तकावर त्यांनी ‘वाचले. मान्य नाही.’ असा शेरा मारला होता. पुढे वर्षभर शाळेत बिचारीला सगळे ‘मान्य नाही’ म्हणूनच हाक मारायचे.

बोंडअळीला दाद न देणारी म्हणून बीटी कपाशी आली आणि मामांना जन्माचं काम मिळालं. पेरणीच्या तोंडावर बियाण्याच्या दुकानात हे काउंटरला टेकून, भिंग लावून पिशवीवरचा मजकूर वाचत उभे. मागे रांग खोळंबलेली. दुकानदार रहीमभाई म्हणायचे, “वकीलसाब, तुमचं वाचून होईस्तोवर पेरणी निघून जाईन.” मामा ढिम्म हलत नसत. उलट रांगेलाच वर्ग भरवत. “वावर तुह्यं, घाम तुह्या, अन् सरकीच्या आतला डोळ्याले न दिसणारा एक कण कंपनीचा. त्या कणापायी पुरं झाड परक्याचं झालं. कायदा म्हणते, बी राखायचा हक्क तुह्या. अन् दुसऱ्या साली धड न पिकणारं हे संकरित बी म्हणते, राखून दाखव.” लोक हसायचे आणि पिशव्या घेऊन जायचे. दुसरं बी होतं कुठे? मामाही शेवटी तीच पिशवी घेत, पावतीवर ‘हक्क राखून’ लिहून. पुढे गुलाबी बोंडअळीनं त्यांचं वावर पोखरलं, तेव्हा किडकं बोंड हातात धरून मला म्हणाले, “हिले काऊन कोणी पेटंट वाचून नाही दाखवलं बे?” मी हसलो. ते हसत नव्हते.

घरी परसात मामींचं देवकापसाचं झाड होतं. मामी त्याच्या वाती वळायच्या आणि संक्रांतीला हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येकीच्या पदरात तिळगुळाबरोबर त्याची चिमूटभर सरकी वाण म्हणून घालायच्या. मामा कौतुकानं सांगत, “दुकानातल्या वाणाले मालक हाये. आमच्या घरातलं वाण लुटायचं असते.”

मग मामींना स्तनाचा कर्करोग निघाला. त्यांची आई त्यानंच गेली होती, बहीणही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या, हा दोष रक्तातून येतो. मामींचं रक्त तपासलं तर मुलीला धोका आहे का ते आधीच कळेल. पण ज्या जनुकात हा दोष असतो, त्याचं पेटंट परदेशातल्या एका कंपनीकडे. तपासणी तीच करणार, आणि त्या रक्तात पुढे जे काही सापडेल त्यावर हक्क तिचा. तसा संमतीचा कागद मामांच्या हातात आला. मी शेजारी होतो. मामांनी भिंग काढलं, पेन काढलं, ओळींखाली रेघा मारल्या. “रक्त हिचं, दुखणं हिचं, माय गेली हिची,” ते डॉक्टरांना म्हणाले, “अन् मालक ते?” डॉक्टर थकलेल्या आवाजात म्हणाल्या, “काका, कागदावर काही लिहिलं तर ते नमुना घेत नाहीत. नुसती सही लागते.”

मामा कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागले. तेव्हा खाटेवरून मामी म्हणाल्या, “आवो, आता भांडू नका. पोरीले कळू द्या.”

मामांनी भिंग खिशात ठेवलं आणि सही केली. नुसती सही. वर काही न लिहिता केलेली त्यांची सही मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. ती मला ओळखू आली नाही.

निकाल आला तेव्हा मामी नव्हत्या. दोष मुलीतही निघाला; वेळेत कळला, शस्त्रक्रिया झाली, म्हणून ती आज आहे. माणसानं यावर समाधान मानावं. पण मामा एकदा मला म्हणाले, “ज्याले जन्मभर शिव्या द्यायच्या, त्यानंच पोर वाचवली. मले धड भांडूही नाही दिलं त्यायनं.” आणि मला त्या कंपनीचा इतका राग आला, की तिचे आभार मानायचे आहेत हेच सहन होईना. त्यानंतर मामांनी कज्जे सोडले. समोर येईल त्या कागदावर न वाचता सही करू लागले. लोकांना वाटलं, म्हातारा सुधारला.

यंदा संक्रांतीला मामांनी स्वतःच ओट्यावर देवकापसाची सरकी घेऊन बैठक मांडली. पुरुषाच्या हातून वाण घ्यायला बाया अवघडल्या. शेवटी माझी बायको पुढे झाली, पदर पसरला आणि त्यांना हसवायला म्हणाली, “मामा, सही कुठं करू?”

“वाणाले सही नाही लागत, पोरी,” मामा म्हणाले. तिच्या पदरात चिमूट टाकली आणि तळहातावर उरलेल्या सरकीकडे बघत राहिले. “तुह्या मामीचं येवढंच आपल्या मालकीचं राह्यलं. म्हणून वाटून टाकून राह्यलो.”