अळणी चटणी

सात रस्ता चौकाच्या कोपऱ्यावर एक मावशी उखळात शेंगाचटणी कुटायच्या. चार घाव घातले की छातीवर हात ठेवून थांबायच्या. पाय सुजलेले असायचे.

"किडन्या खराब झाल्यात. त्येनं रक्ताचा दाब वाढतोय आन् काळीज थकतंय म्हनं. डाक्टरनं मीठ तोडलंय की," त्या हसून सांगायच्या.

अळणी खाऊन त्यांच्या जिभेला चिमूटभर मीठही लई वाटायचं. "चटणीत मीठ बरुबर हाय न्हवं?" त्या विचारायच्या. "एकदम बरोबर," आम्ही गिऱ्हाइकं म्हणायचो आणि घरी वरून मीठ घालायचो.

परवा चटणी त्यांच्या सुनेनं कुटली, पुडीही तिनंच बांधली. तिचे डोळे रडून सुजले होते.  घरी सवयीनं मीठ घातलं, तर चटणी खारट झाली. तशीच खाल्ली.