गाडीवाटेवरची चालू मोटरसायकल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या दिवशी माझी मोटरसायकल चालू होती.

आमचं गाव निपाणीच्या अलीकडे, बोरगावच्या बाजूला. गावातून मोठ्या रस्त्याला लागायला एकच वाट होती, गाडीवाट. दोन्ही अंगाला उंच बांध, बांधावर घायपात, मधे बैलगाड्यांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या. समोरासमोर दोन गाड्या आल्या तर एकीला मागं सरावं लागायचं. म्हणून पहिला गाडीवान समोरच्याला हात वर करून बोटं दाखवी. दोन बोटं म्हणजे मागं आणखी दोन गाड्या. बंद मूठ म्हणजे मागं कुणी नाही, आता तू ये.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर गावात तीन मोटरसायकली आल्या, त्यातली एक माझी. बेळगावच्या कॅम्पात एक फौजी बदली होऊन निघाला होता, त्याच्याकडून जुनी घेतलेली. मी चोवीस वर्षांचा, निपाणीत तंबाखूच्या वखारीत कारकून. फटफट आवाज करत त्याच वाटेनं आम्ही तिघं जायला लागलो आणि आठवड्याभरात बैल बुजायला लागले. गावातले वयस्क आप्पा, ज्यांच्या शब्दाला मान होता, त्यांनी आम्हाला देवळापुढं बसवून घेतलं.

"वाट काय तुमच्या बाची न्हाई आन् आमच्याबी न्हाई," ते म्हणाले. "बैल दिसला की फटफटी बंद. नुसती हळू न्हवं, बंद. खाली उतरायचं, बांधाला लावायची. आन् पावसाळा सरल्यावर वाटंवर मुरूम टाकायला घरटी माणूस येतो, त्यात तुम्हीबी यायचं. चाकं तुमचीबी फिरत्यात न्हवं?"

"आप्पा, ह्याची फटफटी बंद केली तर परत चालू हुईत न्हाई," कुणीतरी माझ्याकडं बोट करून म्हणालं. "आजाऱ्यावानी खोकतीया नुसती."

सगळे हसले. मीही हसलो. पण ते खरं होतं. इंजिन तापलं की माझी गाडी दहा-पंधरा मिनिटं किकला दाद देत नसे. तरी दीड वर्ष मी नियम पाळला. बैल दिसले की चावी फिरवून उतरायचो, आणि बैलगाडी गेल्यावर घामाघूम होईपर्यंत किका मारत बसायचो. मुरूम टाकायलाही गेलो. त्या वाटेवर एक प्रकारचा सलोखा होता.

आमच्या भिंतीला भिंत लागून आण्णांचं घर. नात्याचे नव्हेत, पण मी लहानपणापासून त्यांच्या ताटात जेवलेला. आण्णा कानानं अधू होते, ओरडून बोलावं लागे. त्यांच्या गाडीला डाव्या अंगाला एक तांबडा तरणा बैल होता. त्याची आई व्यायल्यावर दोन दिवसांत मेली, तेव्हा आण्णांच्या बायकोनं, आक्कानं, कापडाचा बोळा दुधात बुडवून त्याला चोखायला देऊन जगवला. तिला एकच लेक, ती लग्न होऊन गेलेली. तांबडा मोठा झाला तरी आक्का अंगणात आली की मान खाली घालून तिच्या पदरात नाक घुसवायचा. "आलं बघ माझं बाळ, शिंगं फुटलेलं," असं म्हणून ती त्याला ढकलायची आणि पुन्हा जवळ घ्यायची.

त्या सकाळी मला उशीर झाला होता. त्या आठवड्यात दोनदा झालेला. वखारीतल्या मुकादमानं कामावरच्या सगळ्या बायकांच्या देखत विचारलं होतं, "काय साहेब, आज वरात कुठं अडली?" तिसऱ्यांदा ते ऐकायचं नव्हतं. वळणावर समोरून आण्णांची गाडी आली, शेतातून गावाकडं निघालेली, तंबाखूची पोती भरलेली. मी उतरलो, गाडी बांधाला लावली. चावीकडं हात नेला आणि थांबलो. म्हटलं, बंद केली की गेली पंधरा मिनिटं. बैल ओळखीचे, आण्णा ओळखीचे. आवाज बारीक ठेवू, एवढ्यानं काय होतंय.

आण्णांनी मला उतरलेला पाहिला. त्यांना ऐकू येत नव्हतं, मी उभा आहे म्हणजे गाडी बंद आहे असंच त्यांनी धरलं. हसून मूठ वर केली, मागं कुणी नाही म्हणून. बैल माझ्यापासून चार हातांवर आले आणि इंजिन दम तोडायला लागलं. ते बंद पडू नये म्हणून मी ॲक्सिलरेटरची मूठ पिळली. जोरात.

तांबडा उसळला. उजवं चाक बांधावर चढलं, गाडी कलली आणि आण्णांवर उलथली. पोती, जू, चाक, सगळं. मांडीचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग मी काय केलं ते सांगतो, कारण इतकी वर्षं तेवढंच सांगता आलेलं नाही. मी आधी चावी फिरवून इंजिन बंद केलं. मग आण्णांकडं धावलो.

शेतातून माणसं आली तेव्हा माझी मोटरसायकल गप्प उभी होती, नियमाप्रमाणं, बांधाला टेकून. आप्पांनी तिच्याकडं पाहिलं, मग बैलाकडं. "ह्यानं तर रीतसर उभी केलीया. मग ह्यो बुजला कशाला?"

"पायात जनावर आलं असंल, साप-बिप," एकजण म्हणाला.

"जनावर कसलं? बैलच खोडीचा."

मी आण्णांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो.

आण्णा बेळगावला दवाखान्यात तीन महिने होते. पाय वाचला, पण वाकला तो वाकलाच. गाडी हाकणं संपलं. मालकाला असं पाडणारा बैल आमच्याकडं दावणीला ठेवत नसत. आक्का मात्र ऐकेना. एक दिवस तिनं मला गोठ्यात बोलावलं. तांबड्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

"खरं सांग रं," ती म्हणाली. "ह्येला त्या इंजनाबिगर कशाचं भ्या न्हाई. तुझी गाडी चालू न्हवती न्हवं?"

"न्हाई आक्का. बंद केलती."

तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं आणि विश्वास ठेवला. मला तिनंच भरवलं होतं, न ठेवून करते काय. मग ती तांबड्याकडं वळली. "म्हंजे तूच व्हय रं?" असं म्हणून तिनं त्याच्या तोंडावर एक चापट मारली. त्याला आयुष्यात कुणी मारलं नव्हतं. तो मागं सरला नाही. तिच्या पदरात नाक घालायला पुढं आला. आक्का तिथंच खाली बसली.

चिकोडीच्या बाजाराला त्याला मीच नेला. आण्णा खाटेवर, दुसरं कोण नेणार? आप्पा बरोबर होते. आमच्याकडं बैल विकताना त्याची खोड सांगून विकायची रीत. एक शेतकरी आला, तांबड्याचे दात पाहिले, चालवून पाहिला, खूश झाला. "खोड काय?" त्यानं मला विचारलं.

त्या वेळी "काही नाही" एवढंच म्हणायचं होतं. ते खरं होतं, आणि त्यानं बैल वाचला असता. पण आप्पा शेजारी उभे होते. काही नाही म्हटलं तर ते विचारणार, काही नाही कसं?

"मालकाला पाडलंय गाडीखाली," मी म्हणालो.

शेतकऱ्यानं दावं माझ्या हातात परत दिलं. तशा बैलाला शेतकरी घेत नाहीत. घेणारे दुसरेच असतात, ते दुपारनंतर येतात आणि काही विचारत नाहीत. त्यांच्या मागून जाताना तांबड्यानं वळून पाहिलं का, हे मला ठाऊक नाही. मी खाली बघत होतो.

आण्णा पुढं आठ वर्षं जगले. अंगणात बसून कधीमधी मला विचारायचे, "कसा बुजला असंल रं?" मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं ओरडायचो, "ठावं न्हाई आण्णा." खोटं इतक्या मोठ्यानं बोलायची पाळी फार थोड्यांवर येत असेल. ते गेले तेव्हा मी खांदा दिला.

मोटरसायकल मी लगेच विकली. लोकांना वाटलं, पोराच्या मनाला लागलं. उलट माया वाढली माझ्यावर. ती घेणं सगळ्यात जड गेलं.

आता मी चाळिशी ओलांडलीय. आक्का बोरगावला लेकीकडं असते, नजर अधू झालीय. दिवाळीला जातो, पाया पडतो, ती तोंडावरून हात फिरवते. दर वेळी सांगायचं ठरवून जातो आणि चहा पिऊन परत येतो. त्या दिवशी गाडी मी चालू ठेवली होती आणि तुझ्या बैलाची काही चूक नव्हती, हे आक्काला सांगायचं मी देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.